वाकवलेली तार, पिकलिंग आणि हायड्रोजन: तुटणाऱ्या स्प्रिंग क्लिपचे प्रकरण

पार्श्वभूमी

४ मिमी व्यासाच्या कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत डायमधून ओढलेल्या) स्प्रिंग वायरपासून वाकवून केलेली ही एक साधी क्लिप. पाइपवर चढवताना तिचे दोन्ही पाय फाकतात आणि बसल्यावरही ती थोडी फाकलेलीच राहते, त्या ताणावरच तिची पकड असते. तार उच्च कार्बनची, पर्लाइट रचनेची (लोखंड आणि लोहकार्बाइड यांच्या पातळ पट्ट्यांची), तन्यशक्ती सुमारे १,६५० मेगापास्कल. मुख्य वाकाची आतली त्रिज्या ४ मिमी, म्हणजे तारेच्या व्यासाइतकीच.

या वाकात धातू किती ताणला जातो याचा ढोबळ हिशेब असा: तारेची त्रिज्या २ मिमी, वाकाच्या मध्यरेषेची त्रिज्या ४ + २ = ६ मिमी, म्हणून बाहेरच्या कडेला २ भागिले ६, सुमारे ३३ टक्के ताणवाढ आणि आतल्या कडेला जवळपास तेवढेच आखडणे. तार डायमधून ओढली जाताना तिच्यात झालेले विरूपण, म्हणजे कायमचा आकारबदल, वेगळेच. त्या आधीच कष्टलेल्या धातूवर हा आणखी एक घाव.

मूळ क्रम असा होता: वाकवणे, २५० अंश सेल्सियसला ३० मिनिटे स्ट्रेस रिलीव्ह (आतला ताण उतरवण्यासाठी तापवणे), ग्रीस काढणे, हायड्रोक्लोरिक आम्लात पिकलिंग (आम्लाने पृष्ठभाग साफ करणे), ८ ते १० मायक्रॉन झिंक प्लेटिंग, २०० अंशांना ४ तास बेकिंग (शिरलेला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी तापवणे), पॅसिव्हेशन (जस्तावर संरक्षक थर देणे). या क्रमाने क्लिप तुटल्याची तक्रार नव्हती.

मग स्ट्रेस रिलीव्हची फेरी काढून टाकण्यात आली. तीन कारणे पुढे आली आणि तिन्ही खरी होती. एकच जॉब दोनदा भट्टीत जात होता. वायर ड्रॉइंगचा साबण तारेवर तसाच असताना २५० अंशांना तो जळून तपकिरी थर धरी आणि प्लेटिंगवाल्यांना तो काढायला त्रास होई. शिवाय कार्बन स्टीलची कोल्ड ड्रॉन तार स्ट्रेस रिलीव्हमध्ये आणखी वळते, क्लिपचे पाय एक-दोन अंश जवळ येतात आणि वाकवण्याच्या टूलमध्ये ती सूट ठेवावी लागते. शेवटी २०० अंशांचे बेकिंग आहेच, तेवढ्यात ताणही उतरेल, असे धरून चालण्यात आले. कागदावर बदल निरुपद्रवी दिसत होता: तापमान थोडेसेच कमी आणि वेळ उलट आठपट.

अडचण

बदलानंतर थोड्याच दिवसांत क्लिप तुटू लागल्या. काही बसवल्यानंतर दोन दिवसांत तुटल्या. काही मात्र खोक्यात, कुठलाही भार नसताना, आपोआप दोन तुकडे झालेल्या सापडल्या. पहिल्याच दिवशी ज्याकडे सगळ्यांनी लक्ष द्यायला हवे होते ती गोष्ट हीच. भार नसताना तुटणारी वस्तू स्वतःच्या पोटातल्या ताणाने तुटते.

दुसरी खूण तडा कुठून सुरू झाला ही होती. प्रत्येक तुटलेल्या क्लिपमध्ये तो वाकाच्या आतल्या कडेवरून निघाला होता. बाहेरची कडा सर्वात जास्त ताणली जाते, म्हणून तडा तिथूनच यायला हवा, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे आतल्या तड्यांचा दोष आधी वाकवण्याच्या टूलवर आणि त्याने उठवलेल्या ओरखड्यांवर गेला. टूल पॉलिश करून झाले, काही फरक पडला नाही.

खरे कारण स्प्रिंगबॅकमध्ये आहे. वाकवताना बाहेरची कडा ताणात आणि आतली दाबात असते. टूल सोडल्यावर तार थोडी उघडते. ही उघड लवचीक असते आणि तिचा परिणाम कडांवर सर्वात जास्त होतो, त्यामुळे कडांवरचा ताण उलटतो: बाहेरची कडा दाबात जाते, आतली ओढीत येते. क्लिप पाइपवर बसवताना पाय फाकतात, म्हणजे वाक आणखी उघडतो आणि आतल्या कडेवरची ओढ वाढते. अवशिष्ट ताण, म्हणजे भार नसतानाही आत उरलेला ताण, आणि कामाचा भार एकाच जागी, एकाच दिशेने.

पहिल्या दोन चुका

आम्लात आणि प्लेटिंगमध्ये धातूत शिरून त्याला ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनचा संशय लवकर आला, ही जमेची बाजू. त्यावर पहिला उपाय मात्र सवयीचा झाला: बेकिंग ४ तासांवरून २४ तासांवर. तुटण्याचे प्रमाण उतरले, थांबले नाही. इथे निर्णय घेणाऱ्यांची गल्लत झाली. प्रमाण उतरले म्हणजे दिशा बरोबर, आणखी वेळ द्यावा, असा अर्थ काढला गेला. उरलेल्या क्लिप का तुटतात हा प्रश्न महिनाभर कोणी विचारलाच नाही. बेकिंगने हायड्रोजन बाहेर जातो. बेकिंगच्या आधीच पडलेला तडा त्याने सांधत नाही.

दुसरी चूक प्रयोगशाळेच्या अहवालावरून झाली. तुटलेल्या पृष्ठभागावर धातूच्या कणांच्या सीमांवरून गेलेला तडा दिसत नाही, म्हणून हायड्रोजनची शक्यता कमी, असे त्यात लिहिले होते. क्वेंच करून टेंपर केलेल्या (तापवून झटकन थंड करून पुन्हा हलके तापवलेल्या) मार्टेन्सिटी बोल्टसाठी ही खूण उपयोगी आहे. तिथे हायड्रोजनचा तडा बहुधा पूर्वीच्या ऑस्टेनाइट कणांच्या (क्वेंचआधी तापलेल्या पोलादातल्या कणांच्या) सीमा धरून जातो आणि पृष्ठभाग खडीसाखरेसारखा दिसतो. ओढलेल्या पर्लाइटी तारेत पट्ट्या अक्षाच्या दिशेने लांबलेल्या असतात, तडा पट्ट्यांशी अडखळत, वळत, फाटल्यासारखा खडबडीत जातो. अहवालात नोंद बरोबर होती, ती ज्या रचनेच्या निकषावर तोलली ती रचना वेगळी होती.

अहवालात हायड्रोजनचे प्रमाणही कमी आले होते, त्याचे कारण पुढे येईल.

विरूपणाने धातूत काय बदलते

आम्लात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते, काही काळ ठेवली की तिची चिवटाई परत येते आणि ताज्या तुटीवर ओलावा लावला की वायूचे बुडबुडे निघतात, हे डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ साली नोंदवले. थंड अवस्थेत विरूपित केलेले पोलाद गरम रोल केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन धरते आणि सोडतेही हळू, हे डार्कन आणि स्मिथ यांनी १९४९ साली दाखवले. म्हणजे या प्रकरणातले मूळ तत्त्व नवे नव्हते. नवे होते ते कारखान्याच्या क्रमात त्याला मिळालेले स्थान.

निर्दोष लोखंडाच्या जाळीत नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन फारच थोडा विरघळतो, पण तो झपाट्याने फिरतो. धातू वाकवला, ओढला, ठोकला की जाळीत डिस्लोकेशन नावाचे रेषीय दोष प्रचंड संख्येने तयार होतात, सोबत रिकाम्या जागा आणि सूक्ष्म पोकळ्याही. हायड्रोजनच्या अणूला या जागा जाळीतल्या साध्या जागेपेक्षा सोयीच्या असतात. तो तिथे अडकतो, म्हणून अभ्यासक त्यांना सापळे म्हणतात. सापळे वाढले की दोन गोष्टी एकदम होतात: धातूत मावणारा एकूण हायड्रोजन वाढतो आणि त्याचे सरकणे मंदावते, कारण प्रत्येक अणू वाटेत थांबत थांबत जातो.

मंदावतो म्हणजे किती? शुद्ध, अनील केलेल्या (तापवून सावकाश थंड केलेल्या) लोखंडात नेहमीच्या तापमानाला विसरणाचा गुणांक, म्हणजे हायड्रोजन किती झपाट्याने पसरतो ते सांगणारा आकडा, सेकंदाला ७,००० चौरस मायक्रॉनच्या आसपास असतो. जबर विरूपित कार्बन तारेत तो १० चौरस मायक्रॉनच्या घरात उतरू शकतो. तारेच्या त्रिज्येचा वर्ग भागिले हा गुणांक, एवढ्या हिशेबाने २ मिमी त्रिज्येसाठी पहिल्या बाबतीत दहा मिनिटांच्या आत, दुसऱ्यात साडेचार दिवसांहून जास्त वेळ येतो. आकडे अंदाजी आहेत, पण दोन टोकांतले अंतर अंदाजी नाही.

आता हाच हिशेब पिकलिंगला लावून पाहावा. १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. ९०० गुणिले १० याचे वर्गमूळ साधारण ९५ मायक्रॉन. म्हणजे पिकलिंगमध्ये आत शिरलेला हायड्रोजन तारेच्या गाभ्यापर्यंत पोहोचतच नाही, तो बाहेरच्या ०.१ मिमी सालीत दाटीने बसतो. ४ मिमी तारेच्या छेदात ही साल जेमतेम १० टक्के. अख्खा तुकडा तापवून मोजलेली सरासरी सालीतल्या प्रमाणाच्या दहाव्या भागाइतकी दिसेल. प्रयोगशाळेचा आकडा कमी का आला ते इथे कळते: मोजमाप चुकले नव्हते, प्रश्न चुकला होता. हायड्रोजन एकूण किती यापेक्षा तो कुठे आहे हे विचारायला हवे होते.

सापळ्यांखेरीज विरूपण आणखी एक काम करते. अवशिष्ट ताण जिथे ओढीचा असतो तिथे जाळी किंचित फाकलेली असते आणि हायड्रोजन तिकडे ओढला जातो. दाबाच्या जागी तो कमी राहतो. या क्लिपच्या आतल्या कडेवर सापळेही भरपूर, ओढही मोठी आणि आम्लाचा थेट स्पर्शही. बाहेरच्या कडेवर सापळे तेवढेच, पण ताण दाबाचा, म्हणून ती शाबूत. सापळे एकटे घातक असते तर सरळ पायही तुटले असते, कारण ड्रॉइंगचे विरूपण त्यांतही आहे. उलट, ओढलेली पर्लाइटी तार बराच हायड्रोजन पोटात घेऊनही त्याच शक्तीच्या मार्टेन्सिटी पोलादापेक्षा चांगली टिकते. जास्त हायड्रोजन म्हणजे जास्त ठिसूळ, असे सरळ समीकरण मांडू नये.

चाचणी कशी मांडली

बेकिंग वाढवत राहण्याऐवजी प्रक्रिया तोडून पाहायचे ठरले आणि प्रकरणाला वळण मिळाले. एकाच कॉइलच्या तारेतून पाच गट केले, प्रत्येकी ४० नग:

पहिला गट वाकवलेला, आम्ल नाही, प्लेटिंग नाही. दुसरा गट सरळ तारेचा, १५ मिनिटे पिकलिंग, प्लेटिंग, मग फिक्श्चरमध्ये वाकवून लवचीक मर्यादेत भारलेला. तिसरा गट वाकवलेला आणि फक्त पिकलिंग केलेला. चौथा चालू पद्धतीचा: वाकवणे, पिकलिंग, प्लेटिंग, २४ तास बेकिंग. पाचवा चौथ्यासारखाच, पण पिकलिंगआधी २५० अंशांना ३० मिनिटे स्ट्रेस रिलीव्ह केलेला. तिसरा सोडून बाकीचे गट २०० तास भाराखाली ठेवले. तिसऱ्याची २४ तासांनी फ्लुरोसंट मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबकीय कणांनी बारीक तडे दाखवणारी) केली.

पहिल्या आणि दुसऱ्या गटात एकही तडा नाही. तिसऱ्यात ३ नगांना आतल्या कडेवर तडे. चौथ्यात ४ नग तुटले. पाचव्यात शून्य.

तिसऱ्या गटाने निकाल लावला. प्लेटिंगच्या टाकीत जाण्याआधीच, निव्वळ आम्लात, तडे पडत होते. चौथ्या गटातल्या क्लिपचे छेद घेऊन पाहिले तेव्हा काही तड्यांच्या तोंडावर आणि ओठांच्या आत जस्त चढलेले होते. तडा प्लेटिंगनंतर पडला असता तर जस्ताचा थर दोन्ही बाजूंना स्वच्छ फाटलेला दिसला असता. हा पुरावा स्वस्त आहे, एक छेद आणि एक मायक्रोस्कोप एवढ्यात मिळतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात घेता आला असता.

हायड्रोजनचे मोजमाप पुन्हा झाले. नग टाकीतून काढताच धुऊन, पुसून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले, वाकाचा आणि सरळ पायाचा तुकडा वेगवेगळा कापला आणि ३०० अंशांपर्यंत तापवून निघणारा हायड्रोजन मोजला. वाकाच्या तुकड्यात तो सरळ तुकड्याच्या दुपटीहून जास्त भरला. अशा मोजमापाआधी नगावरचे जस्त आम्लात उतरवू नये, नाहीतर मोजायचा हायड्रोजन आपणच भरतो.

पर्याय

पाच पर्याय टेबलावर होते. वाकाची आतली त्रिज्या ८ मिमी केली तर ताणवाढ ३३ वरून २० टक्क्यांवर येते, पण क्लिपची जागा आणि पकड दोन्ही बदलतात. कमी शक्तीची तार घेतली तर जाडी वाढवावी लागते. विजेविना चढणारा झिंक फ्लेकचा लेप घेतला तर प्लेटिंगमधला हायड्रोजन टळतो. तो भाजण्याच्या तापमानाला लेपासोबत ताणही काही अंशी उतरतो, मात्र लेपाआधी कोणी पिकलिंग केले तर धोका तसाच राहतो. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वात भक्कम पर्याय होता, परंतु क्लिप घेणाऱ्याकडून लेपाची नव्याने मान्यता लागणार होती.

उरले दोन: स्ट्रेस रिलीव्ह मूळ जागी परत आणणे आणि पिकलिंग जवळजवळ काढून टाकणे. दोन्ही एकत्र करायचे ठरले. निवड योग्य होती, कारण पहिल्याने ताण जातो आणि दुसऱ्याने हायड्रोजन, आणि यातला एक पाय लंगडा पडला तरी दुसरा सावरतो.

२५० अंशांनी डिस्लोकेशन नाहीसे होत नाहीत, हे इथे स्पष्ट करायला हवे. ते घालवण्याइतके तापमान दिले तर तारेची शक्तीच जाईल. या तापमानाला अवशिष्ट ताण बराच उतरतो आणि कार्बनचे अणू डिस्लोकेशनपाशी जाऊन बसतात, त्यामुळे काही सापळे अडतात. बहुतेक सापळे राहतातच. म्हणून स्ट्रेस रिलीव्ह केला की पिकलिंग कितीही वेळ चालेल, असे नाही.

केलेली कृती आणि मध्येच झालेला घोटाळा

पहिल्या चालू लॉटमध्ये नेमके हेच घडले. जळालेल्या साबणाचा तपकिरी थर १५ मिनिटांत निघेना, म्हणून पाळीवरच्या कामगाराने नग दुप्पट वेळ आम्लात ठेवले. प्लेटिंग सुंदर आले आणि लॉट बाजूला काढावा लागला. कामगाराची यात चूक नव्हती. त्याच्या कार्डावर 'स्वच्छ होईपर्यंत' असे लिहिले होते.

त्यानंतर क्रम असा ठरला:

१. वाकवल्यानंतर लगेच गरम अल्कधर्मी द्रावणात ग्रीस आणि साबण काढणे, धुऊन पूर्ण वाळवणे. भट्टीत जाणारी तार स्वच्छ हवी.
२. २५० अंशांना ३० मिनिटे. वेळ नगांचे तापमान पोहोचल्यापासून मोजायचा, त्यासाठी टोपलीच्या मध्यभागी थर्मोकपल. भरगच्च टोपलीत मधले नग बरेच मागे राहतात.
३. बारीक ग्लास बीडने ब्लास्टिंग. यानेही पृष्ठभाग विरूपित होतो, पण उथळ आणि दाबाच्या ताणासह, म्हणून ते इथे अपायकारक नाही.
४. इलेक्ट्रोक्लीनिंग (द्रावणात वीज सोडून केलेली सफाई) फक्त ॲनोडिक, म्हणजे नग धन बाजूला जोडून. कॅथोडिक केले तर नगावरच हायड्रोजन निघतो.
५. इनहिबिटर (आम्लाने धातू खाणे कमी करणारे रसायन) घातलेल्या आम्लात जास्तीत जास्त ६० सेकंद. टायमर लावलेला, मुदतवाढ नाही. डाग राहिला तर नग परत ब्लास्टिंगला.
६. आम्लधर्मी क्लोराइड झिंक बाथ. यात कॅथोडची कार्यक्षमता जास्त असल्याने, म्हणजे वीज बहुतेक जस्त चढवण्यातच खर्च होत असल्याने, हायड्रोजन कमी सुटतो.
७. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत २०० अंशांना २४ तास बेकिंग, आणि पॅसिव्हेशन त्यानंतर. आधी पॅसिव्हेशन केले तर तो थर भट्टीत खराब होतो.

वाकवण्याच्या टूलमध्ये पायांच्या वळण्याची सूट पुन्हा घातली. इनहिबिटर बदलताना एक काळजी घेतली: आम्लाने धातू कमी खाल्ला म्हणजे हायड्रोजन कमी शिरला असे होत नाही. पृष्ठभागावर आलेले हायड्रोजनचे अणू एकमेकांशी जुळून वायू होऊन गेले तर बरे. गंधक, आर्सेनिक, अँटिमनी यांची संयुगे हे जुळणे अडवतात, मग अणू आत शिरतात. म्हणून नवे इनहिबिटर वजनघटीवर नव्हे, वाकवलेल्या, स्ट्रेस रिलीव्ह न केलेल्या नगांवर तडे पडतात का यावर पारखले.

परिणाम

नव्या क्रमाच्या ६०० नगांना २०० तास भाराखाली ठेवले, एकही तुटला नाही. ४० पैकी शून्य आणि ६०० पैकी शून्य यांत मोठा फरक आहे. शून्य दोष दिसले तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण ३ भागिले नगसंख्या असते: ४० साठी साडेसात टक्के, ६०० साठी अर्धा टक्का. पाचव्या गटाच्या शून्यावर विसंबून उत्पादन सुरू केले असते तर पायाच कच्चा राहिला असता.

जुन्या क्रमाने केलेल्या शिलकी क्लिप बेक करून वापराव्यात, असा प्रस्ताव आला होता. तो नाकारला. त्यांत तडे आधीच असू शकत होते आणि जस्ताखालचे तडे नगागणिक तपासणे शक्य नव्हते. सगळ्या भंगारात गेल्या.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी, खोक्यात भाराविना तुटलेल्या क्लिपवरून पहिला प्रश्न अवशिष्ट ताणाचा निघायला हवा होता. तो तपासायला एक्स-रे यंत्र लागतेच असे नाही. दहा क्लिपचे पाय मोजावेत, २५० अंशांना ३० मिनिटे ठेवावे, पुन्हा मोजावेत. पाय हलले तर ताण होता. या क्लिपचे पाय हलतात हे टूलरूमला ठाऊकच होते, पण ती अडचण म्हणून ठाऊक होती, पुरावा म्हणून नव्हे.

स्ट्रेस रिलीव्ह आणि बेकिंग ही एकाच भट्टीत होणारी दोन वेगळी कामे आहेत. एकाने आम्लाच्या आधी ताण उतरतो, दुसऱ्याने आम्लानंतर हायड्रोजन. आयएसओमध्येही त्यांची मानके निराळी आहेत, लेपाआधीच्या उपचारासाठी ९५८७ आणि नंतरच्यासाठी ९५८८. क्रमातला बदल मंजूर करताना ही दोन नावे शेजारी ठेवली असती तरी शंका आली असती. मंजुरीच्या फॉर्मवर तापमान आणि वेळ यांचे रकाने होते, 'या टप्प्याआधी काय, नंतर काय' असा रकाना नव्हता. तो आता घातला आहे.

प्रयोगशाळेकडे नग पाठवताना तारेची रचना, वाकाची जागा आणि कोणत्या कडेवरून तडा निघाला हे लिहून पाठवायला हवे होते. 'हायड्रोजन आहे का ते पाहा' एवढ्यावर सरासरी आकडाच परत येतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वाकाची त्रिज्या ४ मिमीच आहे. पिकलिंगच्या टायमरला कोणी बगल दिली तर आतल्या कडेवर शिल्लक असलेली सुरक्षितता किती, हे मोजण्यासाठी १, ५, १५ आणि ३० मिनिटांच्या पिकलिंगचे, स्ट्रेस रिलीव्ह केलेल्या नगांचे गट लावले आहेत, प्रत्येकी ३०० नग.